देवासचे ऋतू आणि देवासचे गाणे

१

भारतीय कलांचा इतिहास बहुधा राजधान्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ग्वाल्हेर, जयपूर, लखनौ, बडोदे, तंजावर अशा नावांभोवती त्याची प्रकरणे गुंफली जातात, आणि लहान नगरांच्या वाट्याला एखाद्या थोर कलावंताचे जन्मगाव म्हणून ओझरता उल्लेख येतो. या पद्धतीत एक गृहीत दडलेले आहे. कला घडते ती मोठ्या नगरात; लहान नगरात ती आस्वादिली जाते, तीही उशिरा आणि उसनी, असे ते गृहीत होय. माळव्यातील देवास या नगराचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा वृत्तांत पाहिला म्हणजे या गृहीताचा फेरविचार करणे भाग पडते. इंग्रजी कादंबरीतील एक महत्त्वाचे प्रकरण, ख्यालगायनातील एक दुर्घट तानपद्धती, मराठी भावगीताची एक कोवळी पहाट आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हिंदुस्थानी संगीताचे एक अत्यंत स्वतंत्र वळण, या चारही गोष्टींचा धागा या एका गावाशी पोहोचतो.

देवास इंदूरच्या ईशान्येस पस्तीसेक किलोमीटरांवर आहे; उज्जैनही जवळजवळ तेवढ्याच अंतरावर. गावाच्या मधोमध देवीची टेकडी. टेकडीवर दोन देव्यांची स्थाने आहेत; लोक त्यांना थोरली माता आणि धाकटी माता म्हणतात. गावाचा इतिहासही असाच दोघांत वाटला गेला. अठराव्या शतकात मराठ्यांच्या स्वाऱ्यांबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी येथे अंमल बसविला. पुढे त्यांच्या वंशजांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन स्वतंत्र संस्थाने झाली. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार आणि दोन कारभार एकाच गावात नांदत होते. बाहेरच्या पाहुण्यांना या व्यवस्थेची गंमत वाटे. कलेच्या दृष्टीने मात्र तिचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. एवढ्याशा गावात आश्रय देणारी घराणी दोन होती. उत्सव दोन ठिकाणी होत आणि गुणिजनांना दोन दरवाजे उघडे असत. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ पासून देवास मध्यप्रदेशात आहे. या राजकीय स्थित्यंतरांतून गावाचे गाणे कसे टिकले आणि कसे बदलले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

२

देवासच्या कलाजीवनाची पहिली सामग्री तेथील ऋतुचक्र ही आहे. माळवा म्हणजे विंध्याच्या माथ्यावरचे काळ्या मातीचे पठार. येथील उन्हाळ्याच्या रात्री गार होतात. ‘शबे माळवा’ हा शब्दप्रयोग बनारसची सकाळ आणि अवधची संध्याकाळ यांच्या जोडीने रूढ झाला, तो या रात्रींमुळेच. काळी माती पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते. जुन्या काळी पुष्कळशी जमीन पावसाळ्यात मोकळी ठेवीत आणि त्या मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यात गहू काढीत. पाऊस पडतो तेव्हा स्वस्थ बसावे आणि त्याचे फळ हिवाळ्यात घ्यावे, अशा शेतीला अनुरूप असे उत्सवांचे आणि गाण्यांचे वेळापत्रक तेथे तयार झाले.

या वेळापत्रकात दोन पंचांगे शेजारी शेजारी चालत. माळव्यातील रहिवाशांचा महिना पौर्णिमेला संपतो. पवारांबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांचा महिना अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षाला एकाच गल्लीत दोन नावे मिळतात. गोकुळअष्टमी मराठी घरात श्रावणात येते, शेजारच्या माळवी घरात तीच भाद्रपदात. पितृपंधरवडा मराठी माणसाचा भाद्रपद वद्यातला, शेजाऱ्याचा आश्विन कृष्णातला. तिथी एक, चंद्र एक, नाव मात्र वेगळे. भाषांतर करणाराला जो प्रश्न ग्रंथात पडतो, तो या गावातील बायकांनी रोजच्या व्यवहारात कधीच सोडवून टाकला होता.

याच पंधरवड्यात माळव्यातील कुमारिका ‘संजा’ मांडतात. घराच्या भिंतीवर शेणाने आकृती काढावयाची आणि तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवावयाच्या. प्रत्येक तिथीची आकृती निराळी. शेवटी ‘किलाकोट’ नावाची मोठी आकृती होते, तीत आधीच्या अनेक चिन्हांना जागा मिळते. मग सारे उतरवून पाण्यात सोडावयाचे. रोज संध्याकाळी भिंतीसमोर मुली गाणी म्हणतात. सासर, माहेर, भाऊ, गाडी, खाऊ हे त्या गाण्यांचे विषय. मराठी वाचकाला येथे भोंडला आणि भुलाबाई आठवल्यावाचून राहणार नाहीत. वऱ्हाड-खानदेशातील भुलाबाई भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत असते. भोंडला नवरात्रात येतो. संजा या दोहोंच्या शेजारीच उभी आहे. तिन्हींत लग्नापूर्वीच्या मुलीला सासरची भीती आणि ओढ गाण्याच्या मिषाने परिचित करून देण्याची योजना आहे. चैत्रात तर दोन परंपरा अगदी एकाच दिवशी भेटतात. चैत्र शुद्ध तृतीयेला माळवी घरात गणगौर पूजतात आणि त्याच दिवसापासून मराठी घरात चैत्रगौरीचे हळदीकुंकू सुरू होते. एका दारात आंब्याची डाळ आणि पन्हे, दुसऱ्या दारात गौरीची गाणी. बायकांची ये-जा दोन्हीकडे.

या तपशिलाला केवळ लोकजीवनाच्या कौतुकापुरते महत्त्व नाही. या गाण्यांचे स्वर बहुधा चार-पाचच असतात. त्यांची लय हाताच्या किंवा पावलांच्या हालचालीशी बांधलेली असते. आणि ती वर्षातून ठरावीक दिवसांतच म्हटली जातात. ऋतू सरला की गाणे मिटते, पुढल्या वर्षी पुन्हा उघडते. पुढे रागसंगीताच्या इतिहासात जे घडले त्याचे बीज या मिटण्या-उघडण्यात होते. परंतु ते रुजण्यापूर्वी गावाच्या कलाजीवनाला दोन निराळे साक्षीदार लाभले.

३

पहिला साक्षीदार परदेशी होता. एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९१२ च्या नाताळात प्रथम देवासला आला आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचा खाजगी चिटणीस म्हणून सुमारे सहा महिने तेथे राहिला. त्या दिवसांची पत्रे आणि आठवणी त्याने १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध केल्या. त्याआधीच, १९२४ मध्ये, त्याची ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी आली होती. तिच्या तिसऱ्या खंडातील मऊ नावाच्या संस्थानात कृष्णजन्माचा जो उत्सव वर्णिलेला आहे, तो १९२१ च्या ऑगस्टमध्ये देवासच्या जुन्या राजवाड्यात झालेल्या गोकुळअष्टमीवर आधारलेला आहे. भूप्रदेश त्याने छत्रपूरकडून घेतला, उत्सव देवासकडून.

फॉर्स्टरच्या वर्णनातील गोंधळ, फुले, ढोल, गर्दी आणि विनोद यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठी वाचकाने त्यातील एका तपशिलापाशी थांबावयास हवे. कृष्णाच्या त्या उत्सवात गाणाऱ्यांच्या तोंडी वारंवार येणारे नाव तुकारामाचे आहे. पावसाने चिंब झालेल्या माळव्यात, हिंदी मुलखात, मराठी राजा टाळ घेऊन देवापुढे नाचतो आहे आणि देहूच्या वाण्याचे नाव घेतो आहे; आणि ते नाव तेथून थेट इंग्रजी कादंबरीत जाते. इंग्रजी वाचकाला ते एक अनोळखी, मंत्रासारखे नादमय नाव वाटले असेल. मराठी वाचकाला त्यामागचा सारा प्रवास दिसतो: वारकऱ्यांचे भजन सरदारांच्या घरांतून माळव्यात कसे आले, आणि दोनशे वर्षांनंतरही उत्सवाच्या ऐन क्षणी ओठांवर मातृभाषेचाच संत कसा आला.

येथे टीकाकाराने फॉर्स्टरची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याला उत्सव डोळ्यांनी दिसला. कानांनी तो त्याला पुरता उमगला नाही. त्याच्या लेखनात त्या संगीताचे वर्णन आवाजाचे वर्णन म्हणून येते, रचनेचे म्हणून येत नाही. तथापि प्रामाणिकपणा हा त्याचा मोठा गुण. जे समजले नाही ते समजले असा आव त्याने आणला नाही. हास्य आणि भक्ती एका ठिकाणी नांदू शकतात, ही गोष्ट ख्रिस्ती संस्कारांत वाढलेल्या त्याच्या मनाला देवासने शिकविली, आणि कादंबरीचा शेवटचा खंड त्या शिकवणुकीवर उभा आहे. मातीच्या गोकुळाची मिरवणूक तलावाशी जाते आणि ते गोकुळ पाण्यात विसर्जित होते, हा त्या उत्सवाचा शेवट. श्रावणातला भरलेला तलाव ही त्या विधीची पूर्वअट होती. तलाव नसता तर देवाला निरोप कोठे द्यावयाचा?

तुकोजीरावांचा शेवट दुःखद झाला. कर्ज आणि इंग्रज सरकारची चौकशी यांना कंटाळून ते पाँडिचेरीस निघून गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. संस्थानाच्या वैभवाबरोबर तो उत्सवही ओसरला. दरबारी आश्रयाचा हा स्वभावच आहे: एका माणसाच्या श्रद्धेने जे फुलते ते त्याच्यामागे उरत नाही.

४

दुसरा साक्षीदार कानाचा होता. उस्ताद रजबअली खाँ (१८७४–१९५९) यांचे दीर्घ आयुष्य देवासशी निगडित झाले. वडील मुघलू खाँ यांच्याकडून त्यांना गायनाची तालीम मिळाली आणि थोर बीनकार बंदेअली खाँ यांच्याकडून बीनेचा संस्कार. त्यांच्या तानेतील गुंतागुंत आणि वेग यांचा दरारा सर्व हिंदुस्थानात होता. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या तानेवर त्यांची छाया पडलेली जाणकारांना दिसते. कोल्हापूर आणि देवास यांच्यामध्ये सोयरिकीचा संबंध होता: तुकोजीराव हे शाहू छत्रपतींचे जावई, आणि त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आले. या दोन गावांच्या दरम्यान माणसांबरोबर गाणेही प्रवास करीत राहिले. खाँसाहेबांची कीर्ती मुंबई-पुण्यापर्यंत गेली. तथापि त्यांनी मोठ्या शहराची कास धरली नाही. प्रा. बी. आर. देवधरांनी थोर संगीतकारांची जी व्यक्तिचित्रे लिहिली, त्यांत रजबअलींचे स्वभावचित्र आहे. त्यातील गायक तापट, निर्भीड आणि आपल्या विद्येविषयी कमालीचा अभिमानी दिसतो. लहान गावात राहिल्याने माणूस लहान होत नाही, याचे हे एक उदाहरण.

या काळात गावातील मराठी समाजात काव्यही होते. भास्कर रामचंद्र तांबे यांचे शिक्षण झाशी आणि देवास येथे झाले, आणि पुढे काही काळ ते देवासला राजपुत्राचे शिक्षकही होते. मराठी कवितेत तांब्यांनी जी गेयता आणली ती पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहातून आलेली नव्हती. ती मध्यभारतातील मैफिलींच्या, उर्दू-हिंदी पदांच्या आणि तेथील संथ रात्रींच्या सहवासातून आलेली होती. महाराष्ट्रातील टीकाकारांनी तांब्यांना अनेकदा ‘बाहेरचा’ कवी मानले: राजकारणापासून दूर, सौंदर्यात रमलेला. ज्या जगात ते वाढले त्या जगाचे ऋतू आणि सूर लक्षात घेतले, तर हे बाहेरचेपण हाच त्यांच्या कवितेचा ठेवा होता असे दिसून येईल.

तेव्हा १९४० च्या सुमारास देवासकडे काय काय होते? मावळता दरबार, एक वृद्ध उस्ताद, एका कवीची आठवण, टेकडीवरची देवी, गल्लीगल्लीतील ऋतुगीते, आणि गावाच्या कडेला शीलनाथ महाराजांची धुनी, जेथे नाथपंथी साधू निर्गुणी भजने गात. सामग्री विपुल होती. परंतु ती वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली होती. उस्तादाच्या मैफिलीत संजेचे गाणे येत नसे आणि संजेच्या भिंतीसमोर ख्याल कोणी गात नसे. जात, घराणे आणि प्रतिष्ठा यांच्या भिंती मध्ये होत्या.

५

३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे तेवीस वर्षांचे गायक देवासला राहावयास आले. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेला आणि बालवयातच ‘कुमार गंधर्व’ या नावाने गाजलेला हा कानडी मुलगा मुंबईत देवधरांकडे शिकून तयार झाला होता. त्याला क्षयाने गाठले होते. कोरड्या हवेत राहावे असा वैद्यकीय सल्ला होता, आणि माळव्याची हवा कोरडी होती. गाणे तर सोडाच, मोठ्याने बोलण्याचीही बंदी झाली. पत्नी भानुमती यांनी शिक्षिकेची नोकरी पत्करून संसार आणि शुश्रूषा दोन्ही सांभाळले. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध लाभल्यानंतर प्रकृती सुधारली आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस निकामी झालेलेच होते.

या पाच वर्षांच्या मौनाविषयी एक भाबडी कथा रूढ झाली आहे. आजारी गायकाच्या कानांवर खिडकीतून लोकगीते पडली आणि त्यांतून नवे संगीत जन्मले, अशी ती कथा. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. खिडक्या सर्वांनाच असतात. रजबअली खाँसाहेबांच्याही दारावरून तीच गाणी जात होती. फरक पडला तो दोन कारणांनी. पहिले कारण असे की हा तरुण त्या गावाचा नव्हता. ज्याने ती गाणी लहानपणापासून ऐकली त्याला ती घरातल्या भांड्यांसारखी परिचित होती. कानडी मुलखातून मुंबईमार्गे आलेल्याला ती रचना म्हणून ऐकू आली. दुसरे कारण असे की त्याला गाता येत नव्हते. गाणारा माणूस ऐकतो ते बहुधा उत्तर देण्यासाठी. ज्याचे उत्तर देणेच बंद झाले, त्याचे ऐकणे निराळ्या जातीचे होते.

या ऐकण्यातून जो सिद्धान्त निघाला तो संगीतशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. राग हे लोकधुनेचेच विकसित रूप होय, असे कुमारांचे प्रतिपादन होते. धुनेत चार-पाच स्वर असतात. परंतु त्यांच्या परस्परसंबंधात एका संपूर्ण रागाची शक्यता सामावलेली असते. ती उलगडून त्यांनी जे राग मांडले त्यांना ‘धुनउगम राग’ असे नाव दिले: मालवती, संजारी, अहिमोहिनी, सहेली तोडी इत्यादी. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या रचनांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील पुष्कळ बंदिशींची भाषा माळवी आहे. रागसंगीताच्या भाषेचा मान ब्रजभाषेकडे शतकानुशतके होता. तिच्या शेजारी एका जिल्ह्याच्या बोलीला आणून बसविणे ही वाङ्मयीन दृष्टीनेही लहान घटना नव्हे.

‘मधसुरजा’ या रागाची हकीकत या संदर्भात बोलकी आहे. देवीच्या टेकडीकडे बळीसाठी नेला जाणारा बोकड पाहून त्या रागातील बंदीश सुचली, असे सांगितले जाते. बंदिशीत बोकडच मातेला विनवतो, आपल्या घरी आपले लेकरू आहे असे सांगतो. राग भर मध्यान्हीचा; उन्हाने रस्ता ओस पडलेला असावा अशा प्रहराचा. याच टेकडीच्या नावाने फॉर्स्टरने आपल्या पुस्तकाचे नाव ठेवले होते. त्याने ती टेकडी वाड्यातून पाहिली. तीत त्याला एका संस्थानाचे प्रतीक दिसले. कुमारांनी ती पायथ्याच्या रस्त्यावरून पाहिली आणि त्यांना वर नेल्या जाणाऱ्या प्राण्याचा आवाज ऐकू आला. त्यांचे ‘भानुकुल’ हे घरही टेकडीच्या पायथ्याशीच आहे.

१९६० नंतरच्या दशकात ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’ आणि ‘गीतवसंत’ हे त्यांचे कार्यक्रम झाले. वर्षा आणि वसंत यांना रागसंगीतात पूर्वीपासून मान आहे. मल्हाराचे अनेक प्रकार, बसंत, बहार, होरी-धमार ही संपत्ती तयारच होती. हेमंताकडे मात्र गवयांचे लक्ष फारसे गेलेले नव्हते. ज्या पठारावर पावसाची ओल हिवाळ्यात फळास येते, तेथे राहणाऱ्या गायकाला तीन ऋतूंचा मिळून एक क्रम दिसावा हे स्वाभाविक होते. पारंपरिक बंदिशी, स्वतःच्या रचना आणि माळवी लोकगीते त्यांनी एका सूत्रात ओवली. साहित्यात ज्याला ‘बारामासा’ म्हणतात त्या जुन्या काव्यप्रकाराची ही मैफिलीतील पुनर्रचना होती असे म्हणता येईल. गावाच्या कप्प्यांमधील भिंती या ठिकाणी पडल्या. ख्याल आणि संजेची धून एकाच बैठकीत, एकाच गंभीरतेने गायिली गेली.

धुनीवरच्या निर्गुणी भजनांचेही तेच झाले. शीलनाथांच्या परंपरेत जपलेली कबीर आणि गोरखनाथ यांची पदे कुमारांनी मैफिलीत आणली, आणि भजन म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी श्रोत्यांना निरोप देण्याचे साधन ही समजूत मोडली. त्यांच्या गायनातील लहान लहान, तुटक वाटणाऱ्या स्वरवाक्यांचा उगम अनेक जण एकाच फुप्फुसात शोधतात. शरीराची मर्यादा खरी होतीच. परंतु माळव्याच्या धुनेची वाक्येही लहानच असतात, आणि नाथपंथी भजनातील हाक अशीच अकस्मात उठून थांबते. शैलीचे स्पष्टीकरण रोगाने करणे सोपे असते; तिचे व्याकरण मात्र परिसरात सापडते. ‘तांबे गीतरजनी’ या कार्यक्रमाने त्यांनी त्याच गावात वाढलेल्या मराठी कवीचे ऋणही फेडले. १२ जानेवारी १९९२ रोजी कुमारांचे देवासलाच निधन झाले. चव्वेचाळीस वर्षांत त्यांना गाव सोडण्याचे निमित्त अनेकदा मिळाले असेल. त्यांनी ते सोडले नाही.

६

हा वृत्तांत येथे थांबविला तर तो एका थोर पुरुषाचे चरित्र होईल. लहान नगराचा इतिहास लिहावयाचा तर दोन प्रश्नांना सामोरे गेले पाहिजे.

पहिला प्रश्न ऋणाचा आहे. ज्या बायकांच्या आणि मुलींच्या गळ्यांतून धुना आल्या, त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. लोकगीताला कर्ता नसतो हे तत्त्व समीक्षेला सोयीचे आहे. परंतु गाणारी तर असते. निर्गुणी भजनांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. देवास-उज्जैनच्या खेड्यांत कबीर गाणाऱ्या मंडळ्या मुख्यतः दलित समाजातील आहेत. तंबुरा, करताल, मंजिरा आणि ढोलक घेऊन रात्रभर चालणारे त्यांचे सत्संग रागसंगीताच्या मान्यतेची वाट पाहत थांबलेले नव्हते. १९९१ नंतरच्या काही वर्षांत देवासला ‘एकलव्य’ संस्थेने ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालविला; महिन्यातून एकदा मंडळ्या जमत, गात, आणि गायिलेल्या पदांच्या अर्थावर वाद घालीत. कबीराला गुरू मानून पूजावे की त्याचा जातिविरोध आचरणात आणावा, हा त्या वादांचा गाभा असे. प्रह्लादसिंह टिपानिया यांना २०११ मध्ये आणि देवासच्या कालूराम बामनिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या परंपरेची काही नावे तरी राष्ट्राच्या नोंदीत आली. संजा मांडणाऱ्या मुलींची नावे अजून आलेली नाहीत, आणि कदाचित येणारही नाहीत.

दुसरा प्रश्न ऋतूंचा आहे. १९६० नंतर देवास उद्योगनगर होऊ लागले. कारखाने आले, १९७० नंतरच्या दशकात नोटांचा सरकारी छापखाना निघाला, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख ८९ हजारांवर पोहोचली. त्याच काळात शेतही बदलले. पूर्वी पावसाळ्यात मोकळ्या राहणाऱ्या जमिनीवर सोयाबीन आले आणि हिवाळ्यातील पिकांसाठी कूपनलिका खोल खोल जाऊ लागल्या. गावातील तलाव बुजत गेले, त्यांवर घरे आणि कारखाने उभे राहिले. १९९० च्या उन्हाळ्यात इंदूरहून देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३ च्या पुस्तकात तलाव गमावलेल्या नगरांची कथा सांगताना देवासचा दाखला दिला आहे. पुढे २००६ पासून जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत मोठ्या संख्येने तळी खणली आणि भूजल काही अंशी सावरले. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडण्याची योजना सुरू झाली. परंतु ज्या गावाच्या नावावर मल्हाराचे नवे आविष्कार आहेत, त्याने पाण्याच्या आगगाडीची वाट पाहावी, ही गोष्ट संगीताच्या इतिहासकाराला दृष्टिआड करता येत नाही.

कारण येथे केवळ विरोधाभास नाही. कार्यकारणाचा संबंध आहे. संजेला शेण लागते, लिंपलेली भिंत लागते, त्या पंधरवड्यात फुलणारी फुले लागतात, आणि शेवटी विसर्जनाला पाणी लागते. आज देवास-उज्जैनच्या बाजारांत कागदावर छापलेली संजा विकत मिळते. ती भिंतीला चिकटविता येते. प्रथा टिकली असे यावरून म्हणता येईल. परंतु रोजची आकृती रोज काढण्यात जो काळ जात असे त्या काळातच गाणी शिकली जात. छापील संजेला तो काळ लागत नाही. गाण्याचा ऱ्हास अभिरुचीच्या ऱ्हासाने होतो असे आपण सहज म्हणतो. पुष्कळदा तो भिंतीच्या बदलाने, पिकाच्या बदलाने आणि तलावाच्या मृत्यूने होतो.

‘गीतवर्षा’चे ध्वनिमुद्रण आता कोणत्याही महिन्यात, कोणत्याही नगरात ऐकता येते, आणि ते ऐकणाऱ्याला आनंदच होतो. त्या आनंदाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ऋतुगीताचा मूळ करार वाट पाहण्याचा होता. गाणे वर्षभर मिटलेले असे, म्हणून उघडताना त्याला अर्थ येई. कुमारांच्या प्रतिभेने तो करार मैफिलीत आणला. तो पाळण्याची जबाबदारी मात्र एकट्या गायकाची नसते. ती तलाव राखणाऱ्या नगराची, शेत कसणाऱ्या कुणब्याची आणि भिंत सारवणाऱ्या मुलीचीही असते.

राजधान्यांच्या इतिहासात आश्रयदाते आणि आश्रित एवढी दोनच पात्रे पुरतात. देवासच्या इतिहासाला ती पुरत नाहीत. तेथे राजा येऊन गेला, कादंबरीकार येऊन गेला, उस्ताद आणि गंधर्व आयुष्य वेचून गेले. आणि या सर्वांना ज्याने काही दिले ते गावाचे सामान्य वर्ष होते, पौर्णिमेला संपणारे आणि अमावास्येलाही संपणारे. कलेच्या इतिहासात त्या वर्षाची नोंद करावयाची असेल, तर इतिहासकाराने घराण्यांच्या वंशावळीबरोबरच गावातील तलावांची आणि शेतातील पिकांची यादीही ठेवली पाहिजे.